सतराने भाग जातो

आमचे मास्तर, म्हणजे माझा नवरा, उभा जन्म घरीच गणिताच्या शिकवण्या घेत आले. मनाने वाईट नाहीत, पण राग कायम नाकावर, आणि आपलं चुकलं हे कबूल करणं रक्तातच नाही. आमटीत मीठ यांनी दोनदा टाकलं तरी दोष मिठाचा.

त्यांना एक वेड लागलं होतं. एकतीस ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. तिच्या डावीकडे आणखी एक तीन लावा, तीनशे एकतीस, तीही मूळ. पुन्हा एक तीन लावा, तीही तशीच. सात तीन होईपर्यंत मास्तरांनी प्रत्येक संख्या हाताने भागून तपासली. महिने गेले त्यात. आठव्या तिनाला मात्र कंटाळले. "एवढ्या सगळ्या मूळ निघाल्या, हीच काय वेगळी निघणार आहे?" म्हणाले, आणि पितळेच्या पाटीवर कोरून आणली: ३३३३३३३३१. खाली लिहिलेलं, 'हिला कशानेही भाग जात नाही.'

पाटी दारावर लावली तेव्हा विद्यार्थी, शेजारीपाजारी सगळे जमले होते. आमची सून चहा देत होती. पाटीकडे बघून तिचे ओठ जरा हलले, मग हळूच म्हणाली, "बाबा, सतराने जातोय वाटतं."

झालं. मास्तरांचा पारा चढला. "चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवायला निघालीस? सगळ्यांसमोर सांग, चुकलं म्हणून."

हातातला ट्रे तसाच धरून ती म्हणाली, "चुकलं माझं." कोणीतरी फिदीफिदी हसलं. मी तिची सासू, तिथेच उभी होते, आणि मुकाट्याने कपबशा गोळा करत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी तिची चूक नेमकी कुठे झाली ते दाखवायला मास्तरांनी फळ्यावर भागाकार मांडला. तिला हाकही मारली. एकेक आकडा खाली उतरवत गेले. शेवटी एकावन्न राहिले. सतरा त्रिक एकावन्न. बाकी शून्य.

फळा पुसला, पुन्हा मांडला. तेवढ्यात सून दारात आली. "काही नाही, जा तू," एवढंच म्हणाले. तिच्याकडे बघवेना त्यांना. रात्री जेवलेही नाहीत.

सकाळी मुलं आली तेव्हा दारावर पाटी नव्हती, नुसते खिळे होते. मास्तरांनी सुनेला वर्गात बोलावलं. फळ्यावर तोच भागाकार होता, शेवटची ओळ सोडून. तिने तो पाहिला, मुलांकडे पाहिलं आणि मास्तरांनी पुढे केलेला खडू न घेताच म्हणाली, "राहू द्या ना बाबा. माझंच चुकलं असेल."

मास्तरांची मान खाली गेली. "नको गं पोरी," म्हणाले. "कालचं ते 'चुकलं' म्हणणं माझ्या वाटचं होतं. मी तुझ्या तोंडी घातलं."

मग मुलांकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं." आवाज इतका बारीक, की मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "काय म्हणालात, सर?"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं.