ज्ञानकोशावरचा अंगठा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी ज्याला काही वाचून दाखवलं नाही असा माणूस अख्ख्या पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये सापडणं कठीण. गिरगावातून इथे राहायला येताना त्यांनी एका जुन्या मराठी ज्ञानकोशाचे खंड टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसवून आणले. काकू मागून एकट्या आल्या. निवृत्त झाल्यावर काकांनी ठरवलं, या ज्ञानकोशाचे हक्क कधीच संपलेत, तर त्याचं पानन्‌पान इंटरनेटवर चढवायचं, सगळ्यांना फुकट. वेबसाइटही स्वतःच चुकतमाकत बनवली. जे पान चढेल ते त्या दिवशी भेटेल त्याने ऐकायचं. गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी "पहले ये सुनो" म्हणत नळावरची नोंद हिंदीतून ऐकवली. नळ गळतोय, आणि तो बिचारा पाना हातात धरून "हां अंकल, हां अंकल" करतोय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कबुतरांसाठी जाळ्या बसवायचा विषय निघाला, तर हे उठून म्हणाले, "आधी कबूतर म्हणजे काय ते बघू." जाळ्या पुढच्या मीटिंगवर गेल्या.

स्कॅनरखाली दाबलं की जुन्या पुस्तकाची शिवण उसवते, म्हणून पानांचे फोटो खिडकीपाशी मोबाईलने काढायचे. फडफडणारं पान धरायला काकू. त्यामुळे पानापानाच्या कोपऱ्यात काकूंचा अंगठा, कधी हळद लागलेला. "अहो, लवकर काढा, कुकर झालाय," असंही त्या म्हणत, पण ते फोटोत येत नसे.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला. काकांनी खंड कपाटात ठेवून दिले. लिफ्टमध्ये भेटले तरी काही ऐकवत नसत. मी काकूंना बघायला गेलो, तेव्हा त्या अडखळत म्हणाल्या, "ह्यांना सांग... काच आणायला. पानावर ठेवायला."

"चमकेल ती," काका म्हणाले.

"मग पडदा ओढा."

काका त्याच संध्याकाळी जवळच्याच हाटकेश भागातल्या एका काचवाल्याच्या गाळ्यातून काच कापून घेऊन आले. उरलेले खंड काचेखाली झाले. पानं इतकी स्वच्छ येऊ लागली, की एका वाचकाने ईमेलवर कौतुक केलं आणि पुढे लिहिलं, आधीच्या खंडांत कुणाचं तरी बोट मध्ये येतं, शब्द झाकले जातात, तीही पानं परत काढावीत.

"बरोबर आहे त्याचं. काढा," काकू म्हणाल्या.

वाचकाची सूचना काकांनी कधी टाळली नव्हती. ही टाळली. अंगठ्याखाली दडलेले शब्द पुस्तकात बघून ते प्रत्येक फोटोखाली तेवढेच टाइप करू लागले. ते काम अजून चालू आहे.

परवा दुपारी त्यांचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. काका एका पानाच्या फोटोशी अडले होते.

"काय झालं, काका?"

"काही नाही रे. इथे हिचा हात मनगटापर्यंत आलाय. हिरव्या बांगड्या आहेत. कशासाठी भरल्या होत्या, आठवतच नाही."

काकू आत झोपल्या होत्या. उठल्यावर विचारता आलं असतं. पण काका तसेच त्या पानाकडे बघत बसले, आणि मी दार हळूच लोटून घेतलं.