रिकामी खाच

माझ्या मुलीनं, मुक्तानं, गेम खेळायचा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर स्वतः जोडला. सुरू करण्याआधी मी कुंकवाचं बोट घेऊन पुढे झाले, पण ते टेकवायचं कुठे तेच कळेना. आतल्या पाटीवर एक लांब खाच रिकामी दिसली.

"अगं, इथलं काहीतरी राहिलंय."

"तिथे ग्राफिक्स कार्ड बसतं, आई. आत्ता नाही घेतलं. चित्रं दाखवायचं काम प्रोसेसरच करतो."

"मग ही जागा कशाला?"

"पुढे घेऊ ना कधीतरी."

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर एक गाडी डोंगरातून सुसाट निघाली. उणीव कशाचीच नव्हती, तरी माझी नजर खाचेवरच. ज्याच्यावाचून काही अडत नाही, त्याच्यासाठी जागा राखायची, म्हणजे ते आपल्याला हवं असतं की नको असतं?

तशीच गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेले. वर मजला चढवायचा म्हणून आम्ही स्लॅबमधून सळया सोडल्या होत्या, तेव्हा मुक्ता पोटात होती. आता त्यांना कपड्यांच्या दोऱ्या बांधल्या आहेत. बोटाचं कुंकू तसंच होतं. ते एका गंजक्या सळईला लावलं आणि कपडे न काढताच खाली आले.