आईने भाकर घेतली नाही

उंद्रीकडच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा मी पाळक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे भाकरीचा तुकडा घेतात. त्या रविवारी भाकरीचं ताट घेऊन मी बाकांपुढून फिरत होतो आणि आईपाशी आलो. एरवी या वेळी ती बाहेर कडुनिंबाखाली रडकी लेकरं सांभाळत असे. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून माझ्या बायकोने तिला आत पहिल्या बाकावर बसवलं होतं. मी ताट पुढे केलं. आईने हात जोडले आणि नकारार्थी मान हलवली. नीट दिसलं नसेल म्हणून मी ताट आणखी जवळ नेलं, तर तिने ते हळूच बाजूला सारलं.

आमच्या मंडळीत भाकर नाकारण्याचा अर्थ एकच. ज्याचं कुणाशी भांडण असेल, तो समेट होईपर्यंत भाकर घेत नाही. आणि सासूचं भांडण सुनेशिवाय दुसऱ्या कुणाशी असणार? सगळं चर्च माझ्या बायकोकडे बघायला लागलं. त्यानंतरची प्रार्थना मी काय केली, देवालाच ठाऊक.

दुपारपर्यंत गावभर झालं. मंडळीतली एक बाई तर सासू-सुनेचा समेट घडवायला घरी हजर झाली. माझा पारा चढायला वेळ लागत नाही. तिला मी दारातूनच वाटेला लावलं. बायकोने अन्नाला हात लावला नव्हता. शेवटी तिनेच आईसमोर बसून विचारलं, की माझं काय चुकलं ते तरी सांगा.

"तुहं काही नाही चुकलं माय," आई म्हणाली. "माहा बाप्तिस्माच झाला नाही."

जिने मला हात जोडायला शिकवलं, बाप्तिस्मा घेणाऱ्या बायकांचा वर्ग जी आजही चालवते, ती माझी आई! मला खरंच वाटेना. मग तिने सगळं सांगितलं. पिंपळगाव राजाच्या तिच्या शेतकरी वडिलांनी ख्रिस्ती मुलाशी लग्नाला होकार दिला, तो एका अटीवर: मी जिवंत असेपर्यंत ते बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर घ्यायचं नाही. आजोबा चांगले पिकलं पान होऊन गेले. तोवर मी पाळक झालो होतो, आणि पाळकाच्या आईला असलं काही विचारावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय भाकर घेणं तिला पाप वाटे, आणि खरं सांगितलं तर चारचौघांत माझी मान खाली जाईल ही भीती. म्हणून ती लेकरं घेऊन बाहेर जायची.

मी तिच्यावर ओरडलो. इतकी वर्षं पोटच्या पोराला अंधारात ठेवलंस, असं काहीबाही बोललो. बायकोनेच मला गप्प केलं.

मग मी मंडळीच्या पंचांना सगळं सांगितलं. बाप्तिस्म्याआधी वर्ग पुरा करावा लागतो, असा नियम एकाने काढला. वर्ग कोण घेतं ते आठवल्यावर त्याने तो नियम मुकाट्याने मागे घेतला.

पुढच्या रविवारी हे सगळं मंडळीपुढे जरा बेताने मांडून आईला बाप्तिस्मा द्यायचं मी ठरवलं होतं. पण मी तोंड उघडण्याआधीच आई उभी राहिली. सुनेशी आपलं कसलंही भांडण नाही, हे तिने पहिल्यांदा सांगितलं, आणि बाप्तिस्म्याचं नंतर. मग ती चालत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

येशू ख्रिस्ताला आपला तारणारा मानतेस का, हा पाण्याआधी विचारायचा प्रश्न मला तोंडपाठ आहे. तरी "येशू ख्रिस्ताला" एवढं म्हणून मी अडलो. हे नाव मला जिने सांगितलं, तिलाच मी काय विचारू?

"सगळ्यायले इचारतो ना?" आई हळूच म्हणाली. "मंग मले बी इचार."

मी विचारलं. प्रश्न पुरा व्हायच्या आतच ती "हाव" म्हणाली.