माणूस नसलेला फोटो

“रान बरं शे. हालू नको म्हनी सांगनं पडत नही.”

असं म्हणून अक्का डोक्यावरून काळं कापड ओढायची आणि कॅमेऱ्यामागे नाहीशी व्हायची. बाहेर दिसायचे ते फक्त तिचे पाय. टाचांना भेगा, नऊवारीला गवताची कुसळं चिकटलेली. थंडीने माझे दात वाजत असायचे. ती मात्र कापडाखालून मलाच दटावायची, “दात वाजवू नको, काच हलते.”

तिचं नाव विचारू नका. जळगावात आमच्या गल्लीत सगळे तिला अक्काच म्हणत. मूळची धुळ्याकडची. खुशीत आली किंवा रागावली की तिकडची अहिराणी बोली तोंडात यायची. तिच्या नवऱ्याचं फोटोचं दुकान होतं आणि मी त्यांच्याकडे पाणी भरायची. मला नवऱ्याने टाकलेलं, शिक्षण चौथीपर्यंत, खांद्यात जोर. फोटोच्या धंद्याला किती पाणी लागतं हे तुम्हाला माहीत नसेल. तेव्हा फोटो काचेवर उतरायचा. काच औषधातून काढली की धूत बसायचं, सात पाणी, आठ पाणी. तेही गोडं हवं. खाऱ्या पाण्याचे डाग काचेवर राहतात. गोड्या पाण्याची विहीर लांब होती, म्हणून माझं पोट चालायचं.

नवरा तापाने गेला. तसं पाहिलं तर दुकानाचं काही अडायला नको होतं. काचा भरणं, धुणं, उन्हात कागदावर छापणं, सगळं अक्काच करायची. नवरा गिऱ्हाइकाला “हनुवटी वर” म्हणायचा, तेवढंच.

पण तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि पहिलंच वऱ्हाड दारातून परत गेलं. नवरदेवाची आई उंबऱ्यावर थबकली. अक्काच्या कपाळाकडे बघून म्हणाली, “चल रे. पांढऱ्या कपाळाच्या बाईने नवरदेवाकडे टक लावून बघायचं?” झालं. दुसरं वऱ्हाड आलंच नाही. मुंज नाही, बारसं नाही. लोक तिच्याकडून पापड घेत. फोटोला मात्र कोणी समोर बसेना.

मग धुळ्याहून धाकटा दीर आला. त्याला तिथे दुकान काढायचं होतं.

“वहिनी, कॅमेरा मला द्या. तुमच्यापुढे कोण बसणार आहे?”

“मी तरी कोणाला बसवते?”

भांडण नानांकडे गेलं. नाना म्हणजे भाऊबंदांतले थोरले, आमच्यापासून तीन घरं सोडून राहत. त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. ओट्यावर सुपारी कातरत त्यांनी निकाल दिला, “होळीपर्यंत थांबू. तोवर गावात एखाद्याने हिच्या हातचा फोटो आपल्या घरच्या भिंतीला लावला, तर कॅमेरा हिचा. नाही लावला, तर धाकट्याचा.”

अक्का दाराआडून म्हणाली, “कोणाचा फोटो ते सांगितलं नाही, नाना.”

“कोणाचाही.”

“बरं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तिपाई माझ्या खांद्यावर दिली. कॅमेरा गोधडीत गुंडाळून स्वतः घेतला आणि आम्ही नशिराबादच्या रस्त्याला लागलो. मी विचारलं, “कोणाचा काढायचा?” ती म्हणाली, “जो नाही म्हणणार नाही, त्याचा.”

असे तिचे रानाचे फोटो सुरू झाले. हिवाळ्यातच काढायची, त्याला कारण होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे काचेवरचा औषधाचा मसाला पाण्यात सुटतो, दुधावरच्या सायीसारखा सरकतो. थंडीत तो घट्ट राहतो. ऊनही तिरकं असतं, बांधावरच्या गवताची काडी न् काडी वेगळी दिसते.

पहिल्याच फेरीत एक शेतकरी गोफण घेऊन अंगावर आला. कणसात आलेल्या दादरीला, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळी ज्वारीला, दृष्ट लावायला आलीस का, म्हणून. अक्का म्हणाली, “भाऊ, माझी नजर कापडाखाली आहे. तुझ्या दादरीला ती दिसतच नाही. तूच बघ.” तिने त्याला कापडाखाली घेतलं. तुम्हाला ठाऊक असेल, त्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. तो किंचाळत बाहेर आला, “माह्यं वावर उलटं झालं!” आणि धावत जाऊन दादर हाताने चाचपून आला. मग स्वतःच तिपाईला लिंबू-मिरची बांधून गेला.

छापलेले फोटो अक्का दोरीवर वाळत घालायची. गल्लीतले लोक येऊन बघत. एक आजोबा नाक लावून बघून म्हणाले, “यात माणूस कुठे आहे?”

“नाही.”

“सगळे घरी गेल्यावर काढलास का?”

दुसरा म्हणाला, “रान तर फुकट दिसतं, ते भिंतीला कशाला टांगायचं?” पौष लागला तरी एक फोटो कोणी घरी नेला नाही. दिराने धुळ्याहून निरोप पाठवला, कॅमेऱ्याची पेटी बनवायला टाकली आहे. अक्काने निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, “पेटी चांगली बनवा म्हणावं. तिच्यात कांदे ठेवता येतील.”

मी नानांकडेही पाणी भरायची. त्यांच्या सुनेला चार वर्षांत माहेर दिसलं नव्हतं. लग्नात तिच्या वडलांनी मानाचा फेटा नानांच्या आधी दुसऱ्याच कोणाला बांधला. नजरचूक झाली. नानांनी तिथल्या तिथे संबंध तोडला. पोरीला आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेलाही पाठवलं नाही. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी जाते, निंबाला झोका बांधते. त्या दिवशी ज्या पोरीला कोणी न्यायला येत नाही, तिचं तोंड बघवत नाही.

एके दिवशी ती मागल्या दाराने अक्काकडे आली. दोरीवरचे फोटो बघत बघत म्हणाली, “अक्का, एरंडोलच्या पुढे जातेस का कधी? आमच्या गावाबाहेर निंब आहे. झोक्याची फांदी नदीकडे गेली आहे.”

“भिंतीला लावशील?”

तिने मागल्या दाराकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, “लावीन. पण कोणाला सांगायचं नाही. मी सांगेन तेव्हाच.”

आम्ही बैलगाडीने गेलो. सकाळी अशी थंडी होती की अक्काने काच घालायच्या आधी बोटं बैलाच्या पोटाशी धरून शेकली. निंब दिसला. फांदीला मागच्या आखाजीचं दोराचं टोक तसंच लटकत होतं. एवढ्यात पोरीचे वडील धावत आले. बातमी लागली होती. डोक्याला नवा फेटा, अंगात कोट. येऊन थेट झाडाखाली उभे राहिले.

“आबा, बाजूला व्हा,” अक्का म्हणाली.

“गाव मनं, निंब मना, आनि मीच नको?”

“तुम्ही दिसलात तर हा फोटो नानांच्या घरात एक दिवस राहायचा नाही.”

म्हातारा झाडाखालून निघाला. येऊन अक्काच्या मागे उभा राहिला. फेट्याच्या शेवाने नाक पुसत होता. थंडीच तशी होती.

घरी काच धुताना लाल दिव्याजवळ धरून अक्का हसली. निंब, नदी, उतार, सगळं आलं होतं. आणि सगळ्यात खाली, जमिनीवर, एक लांबच लांब सावली पडली होती. फेट्याची. सकाळचं ऊन आमच्या पाठीमागून येत होतं ना. मी म्हटलं, “खालचं कापून टाक.” ती म्हणाली, “मी बोलावलं नव्हतं. आला तो आला.”

सुनेने तो फोटो चुलीमागच्या भिंतीला लावला. नानांचं ताट माजघरात जायचं, चुलीकडे ते कधी फिरकत नसत.

होळीच्या दिवशी ओट्यावर माणसं जमली. दीर पेटी घेऊनच आला होता, आत गवत भरलेलं. अक्का खाली जमिनीवर बसली, मांडीवर गोधडीत कॅमेरा. नानांनी विचारलं, “कोणाच्या घरी लागला का फोटो?” माणसं एकमेकांकडे बघू लागली. दीर हसला.

मी अक्काकडे बघितलं. तिने एक शब्द काढला असता तर कॅमेरा वाचला असता. पण मग त्या पोरीचं काय झालं असतं? अक्काने गोधडीच्या गाठी सोडायला घेतल्या. तिला इतकी हट्टी मी कधीच बघितली नव्हती. बाईमाणूस हरतानासुद्धा मान वर ठेवू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तिसरी गाठ सुटायच्या आत आतून आवाज आला. नानांच्या सुनेचा आवाज ओट्यावर तोवर कधीच आला नव्हता.

“नाना, जरा चुलीपाशी येता का?”

नाना उठले. मी घागर उचलून मागोमाग गेले. एवढी चुकवायची गोष्ट नव्हती. सून पदर पुढे ओढून भिंतीशी उभी होती, हातात उलथणं. नाना फोटोसमोर थांबले.

“हे काय?”

“माझं माहेर.”

“कोणाला विचारून?”

“तुमचं भांडण माणसांशी आहे, नाना. यात माणूस कोणी नाही.”

नाना वाकले. वरपासून खालपर्यंत बघितलं. खाली त्यांची नजर जरा जास्त वेळ राहिली. ती सावली त्यांनी ओळखली की झुडूप समजले, देव जाणे. त्यांची नजर मात्र चांगली होती, चष्मा लागला नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी अडकित्ता उचलला आणि दिराला म्हणाले, “पेटी उचल.”

पुढच्या आखाजीला नानांनी सुनेला माहेरी पाठवलं, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल. नाही पाठवलं. आणखी दोन वर्षं गेली, तेव्हा कुठे पाठवलं. पण भिंतीवरचा फोटोही कोणाला काढू दिला नाही, हेही खरं.

त्यानंतर मागल्या दाराने बायका येऊ लागल्या. कोणाला माहेरचा पार हवा, कोणाला नदीचा उतार, कोणाला नुसता चढावरचा रस्ता. अक्का विचारायची, “झाडाच्या कुठल्या बाजूने?” आणि जायची. पुढे काळ बदलला, चांगल्या घरचे लोक लग्नाचे फोटो काढ म्हणून स्वतः आले. एका नवरदेवाच्या बापाने तर हात जोडले. अक्काने तिपाई खांद्यावर घेत सांगितलं, “आज ऊन चांगलं पडलंय, वाया घालवता येत नाही,” आणि त्यांच्या मधून निघून गेली.

लढाईच्या दिवसांत काचा मिळेनात. एक काच ती महिना महिना जपायची. इंग्रज जायच्या आदल्या हिवाळ्यात एका बाईसाठी तिने नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो काढला. छाती भरली. पाचव्या दिवशी गेली.

शेवटची काच कॅमेऱ्यातच होती. दहावा झाल्यावर मी ती धुतली. मला येत होतं ते सगळं. आठ पाणी दिली, उन्हात छापली आणि त्या बाईकडे नेऊन दिली. तिने ओले हात लुगड्याला पुसले, बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“मी सांगितलं होतं, बांध डावीकडे हवा. अक्काने उजवीकडून काढला.”

“अक्का गेली,” मी म्हटलं.

तिने फोटो जपून बाजूला ठेवला. चुलीवरचं आधण खाली उतरवलं, फळीवरून एक खिळा शोधला आणि पाट्यावरचा वरवंटा उचलून भिंतीत ठोकायला लागली. पलीकडून सासू ओरडली, “काय ठोकतेस गं? भिंत पाडतेस का?”

ती ठोकत राहिली.