पाचवं नाव

मी राष्ट्रीय शर्यत जिंकले आणि संघटनेच्या मते ती शर्यत झालीच नव्हती.

नव्वदीतली मधली वर्षं होती. पुण्यात तेव्हा मातीच्या ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतींचं वेड होतं. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. माझे वडील हडपसरच्या एका कारखान्यात फिटर, आणि त्यांची टू-स्ट्रोक गाडी हीच माझी शर्यतीची गाडी. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं तिचे दिवे, आरसे, मडगार्ड उतरवायचो. रविवारी शर्यत आटोपली की सगळं पुन्हा चढवायचं, कारण सोमवारी पप्पांना तिच्यावरच पहिल्या पाळीला जायचं असे. वस्तीतल्या बायका वंदनेला विहाराकडे निघालेल्या असताना मी गुडघ्यांना पॅड बांधून उलट दिशेला जायचे. एकदा एकीनं पप्पांना विचारलं, "पोरीला काय सर्कशीत घालणार आहात का?" पप्पा म्हणाले, "हो. पण पुढच्या रांगेत जागा हवी असेल तर आत्ताच सांगा."

त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेची एक फेरी पुण्यात होती आणि पहिल्यांदाच तिच्यात महिलांचा वर्ग ठेवला होता. आम्ही चौघी होतो. मी पहिल्या वळणावर पुढे गेले ती शेवटपर्यंत पुढेच राहिले. बक्षिसाच्या वेळी मात्र माझं नाव कोणी पुकारलंच नाही. मी शर्यती भरवणाऱ्या संघटनेच्या निरीक्षकांना जाऊन विचारलं. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, अतिशय सभ्य गृहस्थ.

"वर्गात किमान पाच स्पर्धक लागतात," ते म्हणाले. "तुम्ही चौघी आहात. त्यामुळे ही प्रदर्शनी फेरी धरली जाईल. विजेतेपद नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"नियमपुस्तकात आहे."

"आणि नियमपुस्तक कुठे मिळतं?"

"आमच्या कार्यालयात."

कार्यालय दुसऱ्या राज्यात होतं.

पप्पांचा लेखी अर्जावर फार विश्वास. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, कागद राहतो, असं ते म्हणायचे. आम्ही संघटनेला रजिस्टर्ड पत्रं पाठवली. पाचव्या की सहाव्या पत्राला उत्तर आलं, की आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे. पुढच्या मोसमात महिलांचा वर्गच रद्द झाला. कारण दिलं होतं, प्रतिसादाचा अभाव. मी तर प्रतिसाद देऊन देऊन थकले होते. पण ते कोणाला सांगणार?

मग मी कॉम्प्युटरचा कोर्स केला, नोकरी लागली, लग्न झालं. पप्पा निवृत्त झाले, गाडी विकली. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत सॉफ्टवेअर तपासायला मी बसले. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचं काम. मला ते छान जमायचं.

नऊ वर्षांनी संघटनेनं महिलांचा वर्ग पुन्हा सुरू केला. हे मला कळलं ते हिंजवडीच्या एका मुलीमुळे. ती वीस-एकवीस वर्षांची. घरची जमीन आयटी पार्कात गेलेली, आणि उरलेल्या तुकड्यावर तिच्या वडिलांनी जेसीबी लावून तिच्यासाठी उड्यांचा ट्रॅक करून घेतलेला. परदेशी बनावटीच्या दोन गाड्या, एक सरावाला, एक शर्यतीला. माझा नंबर कुठून तरी मिळवून ती थेट माझ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये आली.

"ताई, तुमचं लई ऐकलंय मी," ती म्हणाली. "कॅटेगरी परत ओपन झालीय, पण आमी चौघीच हाय. पाच पायजेत. तुमी एंट्री द्या ना."

"माझं वजन बघितलंस का? गाडीला हात लावून किती वर्षं झाली माहितेय?"

"चालवायची गरजच न्हाई. नुसतं लाईनीवर उभ्या राहिलात तरी चालंल. पाच मोजले की झालं."

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते 'नुसतं उभ्या राहिलात तरी' माझ्या छातीत रुतलं. मी तिच्याकडे बघत होते. कोपरावरचं ताजं खरचटणं, तळहाताला पडलेले घट्टे, माझे कधीच मऊ पडलेले. हिला आरसे उतरवावे लागत नाहीत, सोमवारची घाई नाही, आणि जे एका नावासाठी माझं गेलं ते हिला माझ्याच नावानं मिळणार.

"त्या आठवड्यात आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे," मी म्हणाले. "जमणार नाही."

रिलीज होतं, पण त्याच्या पुढच्या आठवड्यात.

शर्यत झाली. ती जिंकली आणि पुरेशा स्पर्धकांअभावी विजेतेपद दिलं गेलं नाही. पेपरात चार ओळींची बातमी होती. मी ती दोनदा वाचली आणि उठून साजूक तुपातला शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही, सहज." इतका चांगला शिरा माझ्या हातून क्वचितच झाला असेल. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

काही महिन्यांनी एका रविवारी मी माहेरी गेले, तर दारात त्या हिंजवडीच्या मुलीचे मातीनं भरलेले बूट. आत पप्पा आणि ती जमिनीवर बसलेले, आणि मधे माझी फाईल. माझे अर्ज, पोचपावत्या, ते एकमेव उत्तर, सगळं पसरलेलं. तिला संघटनेला पाचाची अट काढायला अर्ज करायचा होता आणि जुना दाखला हवा होता. पप्पा निवृत्तीनंतर इतके खुशीत मी पाहिले नव्हते. तिला ते एकेक वाक्य समजावून सांगत होते, आणि ती "व्हय काका, व्हय काका" करत लिहून घेत होती.

"ये," पप्पा म्हणाले. "तुझे कागद कामाला येतायत."

"माझे कागद तिला कशाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ती गडबडून उठली, चहा अर्धा टाकून गेली. पप्पांनी कागद क्रमानं लावले. मग मान वर न करता विचारलं, "गेल्या वर्षी तू का नाही गेलीस?"

"रिलीज होतं."

"रविवारी?"

पप्पांनी फाईल बंद केली. पप्पा रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या मोसमासाठी मी शर्यतीच्या परवान्याचा अर्ज भरला. डॉक्टरचा दाखला घेतला, आणि तिला फोन करून म्हटलं की सरावाला आणि शर्यतीलाही तुझी दुसरी गाडी लागेल. दोन महिने शनिवार-रविवार मी खराडीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीला जात होते. मी तिला मदत करायला चालले आहे असं सगळ्यांना वाटत होतं. मी तिला हरवायला चालले होते.

शर्यतीच्या सकाळी आम्ही पाचजणी रांगेत उभ्या राहिलो. तेच निरीक्षक आले. आता केस काळेभोर रंगवलेले. त्यांनी बोटानं पाच मोजले आणि म्हणाले, "पाचही जणींनी शर्यत पूर्ण केली तरच वर्ग ग्राह्य धरला जाईल. नियम बदललाय."

"कधी?" मी विचारलं.

"परिपत्रक निघालंय."

"आमच्यापर्यंत आलं नाही."

"निघालंय म्हटलं ना." एवढं बोलून ते सावलीत जाऊन बसले. मी कोण, हे त्यांना आठवत नव्हतं.

सुरुवात मला छान मिळाली. पहिल्या वळणावर मी पुढे होते, आणि ते काही क्षण मला अजून जसेच्या तसे आठवतात. दुसऱ्या फेरीत मोठ्या उडीवर ती माझ्या डोक्याच्या उंचीवरून गेली. मी मागून बघतच राहिले. तसं मला माझ्या विसाव्या वर्षीही आलं नसतं. तोवर मी स्वतःला सांगत होते की फरक गाडीचा आहे. पण त्या दिवशी मी तिच्याच गाडीवर होते.

चौथ्या फेरीत उतारावर माझं पुढचं चाक घसरलं आणि मी आडवी झाले. गाडी बंद पडली. ती खूप पुढे होती, दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. झेंडेवाला धावत आला. "मॅडम, लागलं का? थांबताय?"

मी 'हो' म्हटलं असतं तर पुरे होतं. माझ्या वयाच्या, चेकअपच्या कागदात गुडघेदुखी लिहिलेल्या बाईला कोणी दोष दिला नसता. पाचाच्या चार झाल्या असत्या, आणि ती माझ्यासारखीच जिंकून रिकामी घरी गेली असती. मी मातीत पडून ते सगळं नीट पाहिलं. हवंसं वाटलं, हेही खरं.

मग मी उठले. यात मोठेपणा नव्हता. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असं त्या माणसानं लिहावं, हे मला सहन होईना. किक मारून मारून पाय भरून आला. शेवटी गाडी सुरू झाली. बाकीच्या कधीच पोचल्या होत्या. मी एकटीच दोन फेऱ्या मारल्या आणि पाचवी आले.

ती शेवटच्या रेषेवर हेल्मेट काढून उभी होती. मला मिठी मारून रडायला लागली. "ताई, तुमच्यामुळं झालं."

"माझ्यामुळे गेल्या वर्षी झालं नाही," मी म्हणाले. "रिलीज नव्हतं माझं."

तिनं नाक पुसलं. "माहीत हाय. काकांनी सांगितलं नव्हतं, पण माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो होता, पहिली महिला विजेती म्हणून. तिनं स्वतःहून संघटनेला लिहिलं की नऊ-दहा वर्षांपूर्वीचा माझा निकालही धरावा. उत्तर आलं, जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत. पप्पांनी सगळ्या नोंदींच्या प्रती पाठवल्या. त्याला अजून उत्तर नाही.

हेवा काही गेला नाही. तिच्या घराच्या भिंतीवरचे ते करंडक बघताना माझं तोंड अजून कोरडं पडतं. पुढे तिला परदेशातल्या एका शर्यतीचं बोलावणं आलं, तेव्हा संघटनेनं ना-हरकत पत्र अडवून ठेवलं. तिनं फोन केला. "ताई, तीन म्हैने झाले, नुसतं उद्या या, परवा या. काय करू?"

खरं सांगायचं तर आधी मला बरं वाटलं, आणि वाईट नंतर वाटलं.

"वही-पेन घे," मी म्हणाले. "मी सांगते तसं लिही. आणि विनंती हा शब्द कुठेही घालू नकोस."