शिशातल्या गाईचा गवळी

माझ्या मावसभावाइतका घाईचा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा जन्मला नसेल, आणि इतक्या घाईत राहून एकाच कामाला अख्खं आयुष्य देणाराही दुसरा सापडायचा नाही. लग्नाला आला तर अक्षता पडायच्या आत त्याचं जेवण उरकलेलं असतं. बारशाला आला तर नाव ठेवायच्या आत निघतो, त्यामुळे निम्म्या भाचरांची नावं त्याला आजही ठाऊक नाहीत. ‘टेक की जरा’ म्हटलं की मनगट पुढं करून घड्याळ दाखवतो. “सहा तासांत माझा माल अर्धा होतो राजा, बारा तासांत पाव. तू बस.”

माल म्हणजे किरणोत्सारी औषध. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळघरात त्याची प्रयोगशाळा आहे. तिथं दर आठवड्याला मुंबईहून शिशाच्या जाड डब्यात एक यंत्र येतं. त्या धंद्यातले लोक त्याला गाय म्हणतात, कारण रोज सकाळी त्यातून किरणं सोडणारं पाणी काढायचं असतं. मावशीला हे कळलं तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली, “घरची म्हैस मरूस्तोवर एकदा खाली बसून दोहली न्हाई, अन् आता शिशातली गाय दोहून राहिलाय!”

ते पाणी तो एका साखरेला जोडतो. ही साखर आपल्या पेशी गिळत नाहीत, जंतू मात्र अधाशासारखे गिळतात. मग जंतू जिथं दडून बसले असतील तिथून किरणं येतात आणि कॅमेऱ्यात ठिपका उजळतो. “नेहमीच्या तपासणीत काय दिसतं? सूज, म्हंजे गर्दी,” एका लग्नाच्या पंगतीत तो मला समजावत होता. “गल्लीत ‘चोर चोर’ ओरडलं की सगळी गल्ली गोळा होती. पण गर्दी जमली म्हंजे चोर असतोयच असं न्हाई. कधी कधी उगीचच जमती. मला गर्दी नको, चोर दाखवणारा दिवा पायजे.” हे ऐकताना मी पंगतीत त्याच्यापासून हातभर सरकलो होतो, हे त्यानं पाहिलं. “तुझ्या खिशातल्या तंबाखूपेक्षा मी बरा हाय,” म्हणाला आणि माझ्या पानातली जिलबी उचलून निघून गेला.

मी लातुरात रसायनशास्त्राचा क्लास चालवतो. भूकंपानंतर काही वर्षांतच गल्लोगल्ली क्लास निघाले, त्या लाटेत माझ्यासारखा बेताचा माणूसही ‘सर’ होऊन तरंगला. खरा हुशार तो. म्हणून आग्रहानं एकदा त्याला शिकवायला बोलावलं. त्यानं फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि म्हणाला, “याचं उत्तर मलाबी माहीत न्हाई. चला, शोधू.” मुलांनी पेनं खाली ठेवली. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “सर, हे परीक्षेला येतं का?”

“न्हाई बाई. दुखऱ्या पायाला येतं.”

दुसऱ्या दिवशी चार पालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले.

दुखरा पाय मावशीचा. भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळलं ते तिच्या मांडीवर. हाडात सळई घातली, आणि त्या सळईवर ती पुढं कितीतरी वर्षं शेताचे बांध तुडवत राहिली. मग एका उन्हाळ्यात मांडी सुजली, टाचही टेकवेना. तपासणीत सूज दिसली. पण सळईभोवती जंतू बसलेत की नुसतीच सूज आहे, ते कुणाला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, उघडून बघावं लागेल.

मावशीनं लेकाकडं पाहिलं. “तुझं ते औषध टोच की मला.”

“आई, ते आजवर फक्त उंदरांना दिलंय. माणसाला द्यायची परवानगी न्हाई.”

“मंग उंदरापेक्षाबी गेलेली हाय का मी?”

मी त्याला बाजूला घेतलं. “अरे, घरातली गोष्ट आहे. कुणाला कळणार आहे?”

“मला,” तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं घड्याळाकडं पाहिलं नाही.

मांडी उघडली. एकही जंतू निघाला नाही. जखम मात्र भरता भरेना, आणि बांध तुडवणारी मावशी वॉकर धरून अंगणापुरती उरली. मी त्याला नाही नाही ते बोललो. बरोबर सहा तासांनी त्याचा फोन आला, “आता राग अर्धा झाला असंल तुझा.” मी फोन ठेवला. आणखी सहा तासांनी पुन्हा आला. “पाव?” तेव्हा मी उत्तर दिलं, पण काय दिलं ते आठवत नाही. मावशी मात्र त्याला कधी एका शब्दानं बोलली नाही. तेच त्याला जड गेलं असावं.

परवानगी आली ती मागच्या वर्षी. आधी काही धडधाकट माणसांना देऊन झालं, मग पहिला रोगी आला तो किनवटकडचा एक म्हातारा. मांडीत सळई, तशीच सूज. महिन्याभरानं मावसभाऊ लातूरला आला, पिशवीतून फोटो काढून मावशीच्या हातात दिला. ती चष्मा वरखाली करत राहिली.

“यात तर कायबी दिसंना की रे.”

“तेच दिसायचं होतं, आई. दिवा लागला न्हाई. म्हंजे चोर नव्हताच. बाकीच्या तपासण्याबी तेच बोलल्या. पाय उघडला न्हाई. सुजेच्या गोळ्यांवरच चालाय लागला म्हातारा.”

मावशी फोटोतल्या त्या काळ्या मांडीवरून बोट फिरवत होती. दुसरा हात लुगड्यावरून स्वतःच्या मांडीवर होता, जिथं तो व्रण आहे.

“भेटला तर सांग त्याला,” ती म्हणाली. “माझ्या वाटचंबी चाल म्हणावं.”

चहा आला. सवयीनं मी म्हणालो, “घे पटकन, तुझा माल अर्धा होईल.” चहावर साय धरली, ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तरी तो वॉकरशेजारी जमिनीवर तसाच बसून होता.