तलकाडची वाळू मी दाखवली नाही

“यात काय आहे?” मी विचारले.

“तूप. घरचं,” आमच्या मराठी मंडळाचे पुढारी रंगराव म्हणाले.

“मग डब्याच्या तोंडाला मेण कशाला लावलंय?”

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातील आमच्या ट्रॅव्हल ऑफिससमोर बस उभी होती. मंडळाची कुटुंबे उशा-पिशव्यांसह आत बसली होती. टपावर स्वयंपाकाचे सामान चढत होते आणि त्यात तुपाचे म्हणून हे डबे होते. मी एकाचे मेण खरवडले. वास घ्यायला वाकावेही लागले नाही. आत रॉकेल होते.

मंडळाच्या ताज्या स्मरणिकेत या सहलीविषयी छापून आले आहे की, ‘इंधनटंचाईमुळे बेत फसला आणि ट्रॅव्हल एजंटाने आम्हाला लक्षद्वीपऐवजी जवळच्याच कावेरीकाठच्या तलकाडची वाळू दाखवली.’ तो एजंट मी. लिहिणाऱ्याने मला विचारले नाही. मी हयात आहे आणि माझी स्मरणशक्तीही शाबूत आहे, हे बहुधा त्याच्या सोयीचे नसावे.

आखातात लढाई झाली, त्या वर्षीचा तो उन्हाळा. पंपांवर ‘डिझेल नाही’च्या पाट्या लटकत होत्या. सरकारी बसच्या फेऱ्या कमी झाल्या होत्या. अशा दिवसांत बेटावरची सहल आखणे हे ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. जमिनीवर गाडी बंद पडली तर माणूस लॉरीत बसून घरी येतो. बेटावरून तसे येता येत नाही. म्हणून मी आधी परतीच्या बोटीचे बुकिंग कन्फर्म करी आणि मगच जाण्याचे पाहत असे. आमचे मालक याला माझी उलटी खोपडी म्हणत. म्हणोत. माझा एकही प्रवासी कधी बेटावर अडकला नाही.

डिझेलचेही तसेच. बन्नूर रस्त्यावरील एका पंपवाल्याच्या मुलीच्या लग्नाचे वऱ्हाड मी ऐनवेळी पोचवले होते. ती ओळख मी जपून ठेवली होती आणि या सहलीसाठी खर्च केली. बस कोचीच्या बंदरापर्यंत जाईल एवढी सोय झाली.

राहिले परमिट. लक्षद्वीपला जायला सरकारी परवानगी लागते, ती म्हणजे परमिट. ती आमच्या ऑफिसला सहज मिळे, याचे कारण अर्जासोबतच्या हमीपत्रावरील माझी सही. सामानात ज्वालाग्राही पदार्थ नाहीत, ही त्यातली एक हमी होती. बंदरावर एक डबा सापडला असता, तर त्या सहीची किंमत संपली असती. मग म्हैसूरच्या कोणालाही आमच्याकडून बेट दिसले नसते.

“भीमराव, सुम्ने का वाद घालता?” रंगराव म्हणाले. सुम्ने म्हणजे उगाच. आम्हा म्हैसूरकरांचे मराठी त्या शब्दावाचून पुढे सरकत नाही. “घरोघरचं रेशनचं रॉकेल साठवलंय. पोरं आठवडाभर अर्धकच्चं जेवली. बोटीवर कोण बघतंय?”

“बंदरावर बघतात.”

“मग जेवायचं काय? मासे शिजलेल्या भांड्यातला भात?”

आता याला मी काय म्हणावे? बेटावरच्या गेस्टहाउसात आमच्यासाठी वेगळी भांडी आणि शाकाहारी जेवण, हे मी आधीच ठरवून घेतले होते आणि मंडळाच्या सभेत दोनदा सांगितले होते. परंतु आमच्या समाजात सहल म्हणजे अडुगे भट्ट, म्हणजे आपला स्वयंपाकी, बरोबर हवाच. काशीला गेले तरी सार आपल्याच भट्टाच्या हातचे. त्या भट्टाने, सुब्बण्णाने, टपावरूनच निकाल दिला, “स्टोव्ह इल्लदे नानु बरल्ला.” स्टोव्ह नसेल तर मी येणार नाही. बसमधून बायका म्हणाल्या, सुब्बण्णा नाही तर आम्हीही नाही.

मालक बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “अहो, डोळे मिटा ना थोडे.”

“सही माझी आहे, साहेब. डोळे तुमचे मिटा.”

ऊन चढत होते. दुपारपर्यंत वाद चालला असता तर बोट चुकली असती. मी रंगरावांना स्पष्ट सांगितले, “डबे उतरवा, बस कोचीला जाईल. डबे राहिले तर बस तुमची, कुठंही न्या. परमिटं माझ्या खिशातून निघणार नाहीत.”

“ठीक आहे. तलकाडला चला,” रंगराव ड्रायव्हरला म्हणाले. “तिथंही पाणी आहे, वाळू आहे. जेवण तरी आपलं मिळेल.”

सबंध बसने मान डोलावली. त्या गर्दीतून कमलाबाई तेवढ्या खाली उतरल्या. त्या रंगरावांच्या धाकट्या भावजय. शाळेत भूगोल शिकवून त्याच महिन्यात निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान शामराव, भावाची नजर चुकवीत, बॅग घेऊन उतरले.

“भावोजी, मी जन्मभर फळ्यावर प्रवाळ बेट काढलं,” त्या म्हणाल्या. “आता एक बघून येते.”

“आणि खाशील काय?”

“तिथं माणसं राहतात ना? ती जेवतच असतील.”

बस तलकाडला गेली. माझ्या शब्दावर मिळालेले डिझेल जाळीत गेली, हे मी आजही विसरलेलो नाही. आम्ही तिघे सरकारी बसने गुंडलुपेटमार्गे कोळीकोडला पोचलो. बहुतेक वाट उभ्यानेच कापली. तिथून रेल्वेने कोची. त्या दोघांना मी स्वतः बोटीवर चढवले. त्यांच्या सामानात आक्षेपार्ह काही निघाले नाही. फक्त शामरावांच्या खिशातला चिवडा शिपायाने चाखून पाहिला.

बोट ठरल्याप्रमाणे सुटली आणि ठरल्याप्रमाणे परतली. बोटीला डिझेलची टंचाई पडली नाही. कमलाबाई परत आल्यावर आधी घरी न जाता ऑफिसात आल्या. बेटावरून प्रवाळ आणायला मनाई असते, म्हणून हात रिकामेच होते.

“भीमराव, प्रवाळाच्या रिंगणामधलं पाणी मी निळं रंगवायला शिकवलं,” त्या म्हणाल्या. “ते हिरवं असतं. एवढ्या पोरांना चुकीचं शिकवलं मी.” असे म्हणून त्या पुष्कळ वेळ हसत राहिल्या. रंगरावांनी पुढे कित्येक महिने त्यांच्याशी अबोला धरला. त्याने त्यांचे काही बिघडले नाही.

तेव्हा सहल इंधनटंचाईने फसली, हे साफ खोटे आहे. ती इंधन जास्त झाल्याने फसली. टंचाईच्या दिवसांत माणसे पोचत नाहीत, ती पुष्कळदा गाडी नसते म्हणून नव्हे, तर लपवून बरोबर घेतलेले त्यांना सोडवत नाही म्हणून.

संपादकांनी दुरुस्ती छापावी. छापायची नसेल, तर निदान लेखासोबतचा तलकाडचा फोटो तरी पुढच्या वेळी वापरू नये. त्यात बससमोर रंगराव हसत उभे आहेत आणि टपावर तुपाचे डबे ओळीने दिसत आहेत. एकाच्या तोंडावर मेण नाही. तो मी उघडलेला.